कोणाचा रे तूं ?

कसबा पेठेंतील कोणत्याहि आळींत एखाद्या अनोळखी मुलानें पाऊल ठेविलें कीं ओट्यावर बसलेल्या वृद्धाकडून त्यास पहिला प्रश्न येतो तो असा : “कोणाचा रे तूं ?” नांव नव्हे, गांव नव्हे, इयत्ता तर नव्हेच नव्हे. मुलानें बापाचें किंवा आज्याचें नांव सांगितलें म्हणजे म्हाताऱ्याचें समाधान होतें. आणि मग त्या आज्यानें कोणत्या सालीं कोणत्या झाडावरून पडून पाय मोडून घेतला होता ही हकीकत तो आपण होऊनच सांगूं लागतो. मुलगा संकोचतो खरा. पण घरीं परततांना त्यास आपल्या आज्याविषयीं एक नवी गोष्ट ठाऊक झालेली असते. आम्ही याच पेठेंत लहानाचे मोठे झालों व या प्रश्नास उत्तरें देत देतच वाढलों. त्यांत विचार करण्यासारखें कांहीं आहे हें आमच्या ध्यानांत आलें तें मात्र एका परदेशस्थ बाईंमुळें.

इ. स. १९८७ च्या हिंवाळ्यांत, स्कॉटलंडच्या वायव्येस लुईस नांवाचें जें बेट आहे तेथील एक वयोवृद्ध निवृत्त शिक्षिका आमच्या एका स्नेह्यांकडे पाहुण्या म्हणून उतरल्या होत्या. त्यांस जुनें पुणें दाखविण्याचें काम आमच्याकडे आलें. शनिवारवाडा, लाल महाल, कसबा गणपति हें सर्व यथासांग पाहून झाल्यावर आम्ही तांबट आळींत शिरलों. बरोबर आमचा सहा वर्षांचा पुतण्या होता. एका दुकानाच्या पायरीवरून ठरलेला प्रश्न आला. पुतण्यानें ठरलेलें उत्तर दिलें. म्हातारा काय म्हणाला, असें बाईंनीं विचारलें. आम्हीं अर्थ सांगितला. तेव्हां बाई जागच्या जागीं थांबल्या व म्हणाल्या, “आमच्या बेटावर मुलांना हेंच विचारतात.” आणि त्यांनीं आपल्या मातृभाषेंत तो प्रश्न उच्चारून दाखविला : “को लेश ऊ ?” शब्दशः पाहिलें तर ‘कोणाबरोबरचा तूं ?’, परंतु अर्थानें आमचाच ‘कोणाचा तूं ?’ उत्तराची रीतहि तीच. अमक्याचा मुलगा, तमक्याचा नातू, फलाण्याचा पणतू, अशी चार-पांच पिढ्यांची माळ त्या बेटावरचीं मुलें पाठ म्हणत असत.

ही मातृभाषा म्हणजे इंग्रजी नव्हे, हें येथें सांगितलें पाहिजे. स्कॉटलंड म्हटलें कीं आपणांस इंग्रजी बोलणारे लोक डोळ्यांपुढें येतात. परंतु त्या देशाच्या डोंगराळ भागांत व पश्चिमेकडील बेटांत गेलिक नांवाची एक प्राचीन भाषा आहे. ती आयर्लंडच्या जुन्या भाषेची सख्खी बहीण. इंग्रजीशीं तिचें नातें बरेंच दूरचें. तिच्या वर्णमालेंत अवघीं १८ अक्षरें, आणि परंपरेनें अक्षरास झाडाचें किंवा झुडपाचें नांव दिलेलें : पहिलें अक्षर एल्मचें, दुसरें बर्चचें, तिसरें हेझलचें, चवथें ओकचें. आमच्या बालवाचकांनीं कल्पना करावी कीं ‘अ’ला आंबा व ‘व’ला वड हीं केवळ उदाहरणें नसून तींच त्या अक्षरांचीं नांवें आहेत, म्हणजे तिकडची मौज ध्यानांत येईल. बाईंनीं पुतण्याला एकपासून दहापर्यंत मोजून दाखविलें, तेव्हां तिसऱ्या आंकड्यास ‘त्री’ हा शब्द ऐकून तो खुदकन हंसला. संस्कृताशीं गेलिकचें दूरचें कां होईना पण रक्ताचें नातें आहे, तें अशा एखाद्या शब्दांत अजून ओळखूं येतें. जुने लोक तिकडे मोठी संख्या विसांच्या हिशेबानें मोजीत : चाळीस म्हणजे दोन विसा, साठ म्हणजे तीन विसा. आमची आजी दिवाळीच्या पणत्या अशाच मोजीत असे. “चार विसा आन् पांच,” असें ती कुंभाराला सांगे, आणि पाटीवर ८५ लिहून दाखविणाऱ्या आम्हां नातवंडांकडे कींव आल्यासारखी पाही.

त्या दिवशीं संध्याकाळीं चहाच्या वेळीं बाईंनीं आपल्या भाषेंतील कांहीं साधीं वाक्यें आम्हांस सांगितलीं, आणि त्यांतून जें निघालें त्याचें आम्हांस अद्यापि कौतुक वाटतें. गेलिक भाषेंत ‘बाळगणें’ किंवा ‘जवळ असणें’ या अर्थाचें स्वतंत्र क्रियापद नाहीं. ‘माझ्यापाशीं पुस्तक आहे’ असेंच म्हणावें लागतें. त्या ‘माझ्यापाशीं’ला ‘अकम’ म्हणतात. आतां इंग्रजींत मनुष्य पुस्तक, घर, भाऊ, ताप हें सारें एकाच क्रियापदानें आपल्या ताब्यांत घेतो. मराठींत तसें होत नाहीं. माझ्याजवळ पुस्तक आहे, माझें घर आहे, मला दोन भाऊ आहेत, आणि ताप तर मला येतो. गेलिकमध्यें भूक, तहान, आनंद, भय हीं सर्व माणसाच्या ‘अंगावर’ असतात. ‘ओरम’ म्हणजे ‘माझ्यावर’. मराठींत भूक लागते, थंडी वाजते, राग येतो, आठवण येते. इंग्रज स्वतःच रागीट होऊन बसतो. लुईस बेटावरच्या माणसावर राग बसतो, आणि कसब्यांतल्या माणसाकडे राग पाहुण्यासारखा येतो व, घरचीं माणसें शहाणीं असलीं तर, जेवणाच्या वेळेपर्यंत निघूनहि जातो. प्रेमाच्या बाबतींत तर दोन्ही भाषांनीं एकच अव्यय निवडिलें आहे : आईचें मुलावर प्रेम असतें, आणि तिकडेहि तें मुला‘वर’च असतें. मात्र त्यांचें क्रियापद वाक्याच्या पुढच्या दारांत उभें राहतें आणि आमचें परसदारीं. म्हणून आमचें बोलणें शेवटपर्यंत ऐकून घेतल्यावांचून कळत नाहीं, आणि शेवटपर्यंत ऐकून घेणारा मनुष्य तर दुर्मिळ.

व्याकरणावरून लोकांचा स्वभाव ठरवूं नये, असा कोणी आक्षेप घेईल; तो रास्त आहे. ‘माझ्यापाशीं शेत आहे’ असें नम्रपणें म्हणणारे गेलिक लोकहि बांधावरून भांडलेच असतील, आणि आमच्या पेठेंत एका भिंतीच्या जाडीवरून तीन पिढ्या चाललेले दावे आम्हांस ठाऊक आहेत. भाषा मनुष्याचे डोळे बांधून टाकीत नाहीं. पण तो डोळे उघडतो तेव्हां प्रथम कोणीकडे पाहील, हें मात्र ती पुष्कळ वेळां ठरविते, असें आमचें मत आहे. याला प्रमाण म्हणून एका खऱ्या तत्त्वज्ञाचेंच उदाहरण देतों. अ‍ॅडम फर्ग्युसन यांचा जन्म १७२३ सालीं पर्थशायरमधील लॉगिरेट येथें, गेलिक मुलुखाच्या उंबरठ्यावर झाला. त्यांस ती भाषा येत होती, आणि म्हणूनच तरुणपणीं ‘ब्लॅक वॉच’ या डोंगरी पलटणीचे पाद्री म्हणून त्यांची नेमणूक झाली. पुढें ते एडिंबरो विद्यापीठांत नीतिशास्त्राचे अध्यापक झाले व १७६७ सालीं नागरी समाजाच्या इतिहासावरील त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्या काळचे कित्येक विद्वान् एकटा मनुष्य कल्पून त्यापासून समाज कसा बनला याचा विचार करीत. फर्ग्युसन यांनीं उलट दिशेनें आरंभ केला : मनुष्य केव्हांहि पाहावा तों तो समूहांतच आढळतो, तेव्हां समूहापासूनच विचारास सुरुवात करावी. व्यापारानें व श्रमविभागानें संपत्ति वाढते हें त्यांनीं मानिलें. परंतु त्यापायीं कामकरी यंत्राचा एक भाग बनतो व माणसांमाणसांतील बंध सैल पडतात, ही धोक्याची सूचनाहि त्यांनीं दिली. ‘को लेश ऊ ?’ हा प्रश्न ज्याच्या कानांवरून गेला आहे त्यालाच असें तत्त्वज्ञान सुचावें, यांत आम्हांस तरी नवल वाटत नाहीं.

आमच्या पेठेनें असा ग्रंथकार निर्माण केला नसेल; पण विचार करण्याचीं हत्यारें तिनें घडविलीं आहेत. पुण्यांतील ही सर्वांत जुनी वस्ती. तिच्या आळ्यांचीं नांवें नुसतीं वाचलीं तरी एक कारखाना उभा राहतो : तांबट आळी, कुंभारवाडा, शिंपी आळी, फणी आळी, कागदीपुरा. ‘कसबा’ हा शब्दच मुळीं अरबींतून आलेला. पण पुण्याचें नांव प्रथम आढळतें तें राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या इ. स. ७५८ व ७६८ च्या ताम्रपटांत. तांब्यावर कोरलेलें हें नांव तांब्याचा ठोका ऐकतच वाढलें, असें म्हणण्याचा मोह आम्हांस होतो. आमचे तांबट हे त्वष्टा कासार समाजाचे. पेशवाईंत त्यांची भरभराट झाली. पत्रा तापवून, ठोकून, पुन्हां तापवून त्याचा हंडा किंवा बंब उठवावयाचा, आणि अखेरीस गुळगुळीत तोंडाच्या हातोडीनें त्यावर ओळीनें ठोके देऊन मठारावयाचा. या मठारण्यानें भांड्यास चकाकी येते एवढेंच नव्हे, तर तांबें कठीणहि होतें. उन्हाळ्याच्या दुपारीं झाडावरून टुक् टुक् असा आवाज काढणाऱ्या पक्ष्याला मराठींत तांबट म्हणतात, तो याच ठोक्यावरून. इंग्रजींतहि त्याचें नांव तांबटावरूनच पडलें आहे.

बाईंनीं आम्हांस सांगितलें कीं गेलिकमध्यें तांबडे रंग दोन आहेत. रक्तासारखा भडक तो ‘जेरक’, आणि हरिणाचा, कोल्ह्याचा, गंजलेल्या लोखंडाचा व पिंगट केसांचा तो ‘रुअग’. दुसरीकडे आकाशाचा निळा आणि गवताचा हिरवा यांस ‘गॉरम’ हा एकच शब्द चालतो. हें ऐकून आम्हीं त्यांस लाल आणि तांबडा यांतील भेद सांगितला. लाल हा शब्द फारशीचा पाहुणा. तांबडा हा तांब्याचा वंशज. रक्त लालभडक, पण माती तांबडी, गाय तांबडी, आणि पहाटे आकाशांत फुटतें तें तांबडें. या दोहोंची सरहद्द कोठें आहे, हें रंगाऱ्याला विचारलें तर तो दाखवूं शकणार नाहीं. मराठी बोलणारी बाई मात्र गाय विकत घेतांना ती चुकत नाहीं. तांब्या तर आज स्टीलचा झाला तरी तांब्याच राहिला आहे.

हीं विचार करण्याचीं हत्यारें म्हणजे काय, तें आतां सांगतों. माणसाची परीक्षा करतांना आपण त्यास कच्चा म्हणतों, पक्का म्हणतों, घडलेला म्हणतों; त्याचें उत्तर खणखणीत असतें किंवा बद्द वाजतें; उपदेश पालथ्या घड्यावर पडतो; मुखवट्याची कल्हई उडते. हे शब्द कोणत्याहि नीतिशास्त्राच्या पोथींतून आलेले नाहींत. ते भट्टीपासून व चाकावरून उठून आले आहेत. मडकें घेणारी बाई तें बोटानें वाजवून घेते. आंत तडा असेल तर डोळ्यांना दिसत नाहीं, कानाला कळतो. सत्य पाहण्यापेक्षां वाजवून घ्यावें, ही ज्ञानाची एक स्वतंत्र रीत आहे. संतमेळ्याची ती प्रसिद्ध कथा आमच्या वाचकांस ठाऊक असेलच. मुक्ताबाईच्या सांगण्यावरून तेरच्या गोरा कुंभारानें आपलें थापटणें उचललें व जमलेल्या संतांचीं डोकीं एकेक करून थापटून पाहिलीं. सर्व शांत राहिले. नामदेव मात्र रागावले, आणि तेवढेंच मडकें कच्चें ठरलें. पुढें नामदेव विसोबा खेचरांकडे गेले व पक्के झाले. हीच कथा बाईंना आम्हीं कुंभारवाड्याजवळ उभे राहून सांगितली. त्या बराच वेळ हंसल्या. मग म्हणाल्या कीं आमच्या शाळेंतहि डोकीं थापटीत, पण तीं पक्कीं करण्याकरितां नव्हे.

त्यांच्या या बोलण्यांत जें कडूपण होतें त्याचें कारण मागाहून कळलें. १८७२ सालीं स्कॉटलंडमध्यें सर्व मुलांस सक्तीचें शिक्षण देणारा कायदा झाला. त्यांत गेलिक भाषेचा उल्लेखच नव्हता. मुलें घरीं एक भाषा बोलत व शाळेंत दुसरींत शिकत. कित्येक शाळांतून मातृभाषेचा शब्द तोंडांतून निघाल्याबद्दल शिक्षाहि होई. परंतु बाई म्हणाल्या, छडीनें भाषा मेली नाहीं. ती मायेनें मेली. त्या स्वतः ग्लासगो शहरांत येऊन शिक्षिका झाल्या, संसार केला, आणि मुलांना पुढें अडचण नको म्हणून घरांत इंग्रजीच बोलल्या. त्यांची आई बेटावरून कांहीं दिवस राहण्यास आली, तेव्हां तिला इंग्रजी जेमतेम चार वाक्यें येत होतीं. नातवंडें तिच्या मांडीवर बसत, तिच्या हातची भाकरी खात. पण तिनें रात्रीं एक गोष्ट सांगावयास आरंभ केला तेव्हां बाईंना मध्यें बसून वाक्यावाक्याचा अर्थ सांगावा लागला. तिसऱ्या रात्रीं म्हातारीनें गोष्ट सांगणें सोडून दिलें. “माझ्या मुलांनीं आपल्या आजीला पाहिलें,” बाई म्हणाल्या, “पण ऐकिलें नाहीं.” घराच्या व मुलुखाच्या ओढीनें जीव तुटतो त्या अवस्थेस गेलिकमध्यें ‘किअनलस’ असा एक शब्द आहे. त्याचा मराठी प्रतिशब्द आम्हांस सुचेना; हुरहूर अपुरी पडते, ओढ म्हटलें तर त्यांतील दुःख राहून जातें. सासुरवाशिणीला माहेराचें जें होतें तें, असें सांगून आम्हीं वेळ निभावून नेली.

आंकडे पाहिले तर १८९१ च्या खानेसुमारींत गेलिक बोलणारे सुमारें २,५४,००० होते. २०११ सालीं ते सुमारें ५७,००० उरले. २००५ सालीं त्या भाषेच्या रक्षणाकरितां कायदा झाला, शाळा निघाल्या, आणि २०२२ च्या गणनेंत संख्या पुन्हां सुमारें ६९,७०० वर आली. हें सारें बाईंनीं पाहिलें नाहीं. परंतु २००६ सालीं ग्लासगोंत गेलिक माध्यमाची शाळा निघाली, तेव्हां आपल्या बहिणीचा पणतू तेथें जाऊं लागल्याचें त्यांनीं आम्हांस कळविलें होतें. पत्राच्या शेवटीं त्यांनीं त्या मुलाला टेलिफोनवर कोणता प्रश्न विचारला तें लिहिलें होतें. तो कोणता, हें वाचकांस सांगावयास नको.

भाषेबरोबर जमीनहि गेली. गेलिकांत ‘दूखस’ असा एक शब्द आहे. ज्या भूमींत पिढ्यान्‌पिढ्या वस्ती केली तिच्यावरील वंशपरंपरागत हक्क, असा त्याचा भाव. आमच्याकडील मिरासीशीं तो ताडून पाहण्याजोगा आहे. हा हक्क कागदावर नव्हता, लोकांच्या समजुतींत होता. आणि कागदाचा मालक निराळा होता. १८१४ व १८१९ सालीं सदरलंड परगण्यांतील स्ट्रॅथनेव्हर खोऱ्यांतून कुळांस हांकलून तेथें मेंढ्या चारण्यांत आल्या. आणि त्याच सुमारास ही गेलिक माणसें आमच्याकडे काय करीत होतीं ? जालना जिल्ह्यांतील असई येथें २३ सप्टेंबर १८०३ रोजीं शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या तोफांवर जी ७८वी हायलँडर पलटण चालून गेली, ती १७९३ मध्यें रॉस परगणा व लुईस बेट या मुलुखांतून उभारलेली होती. ज्यांची स्वतःची भूमि पायांखालून सरत होती ते दुसऱ्याची भूमि तिसऱ्याकरितां जिंकीत होते. दोन्हीकडच्या शिपायांस समोरासमोर बसवून कोणी ‘कोणाचा रे तूं ?’ एवढेंच विचारलें असतें, तर उत्तरें पुष्कळ सारखीं निघालीं असतीं; पण युद्धांत हा प्रश्न विचारण्याची चाल नाहीं.

येथवर आम्हीं या प्रश्नाचें गुणगान केलें. परंतु त्याची दुसरी बाजू लपविणें हें पेठेशीं प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. हाच प्रश्न पूर्वीं पाणवठ्यावर विचारीत, तेव्हां त्याचा अर्थ निराळा असे. ‘कोणाचा ?’ म्हणजे कोणत्या जातीचा. आणि उत्तर मनासारखें आलें नाहीं तर घागर रिकामी परत जाई. ज्या आळ्यांच्या नांवांचें आम्हीं वर कौतुक केलें त्या जातींच्याहि सीमा होत्या. १८४८ सालीं एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातींतून तरुण जोतीराव फुले यांस अपमान करून घालवून दिलें, तेव्हां हाच प्रश्न विचारला गेला होता. जोतीराव १८४१ पासून १८४७ पर्यंत पुण्यांतील स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकले होते. तेथील इंग्रजीनें त्यांच्यापुढें टॉमस पेन यांचा मनुष्याच्या हक्कांवरील ग्रंथ उघडला. मनुष्याला तो कोणाचा हें न विचारतांहि हक्क असतात, असें सांगणारें तें जग होतें. त्याच १८४८ सालीं त्यांनीं बुधवार पेठेंत भिड्यांच्या वाड्यांत मुलींची शाळा काढली, आणि १८६८ सालीं आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांस खुला केला. ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं त्यांनीं आपला विचार मांडला तो खेड्यांतल्या माणसाला कळेल अशा रोकठोक मराठींत, आणि ईश्वराला नांव दिलें तें ‘निर्मिक’, म्हणजे निर्माण करणारा. घडविणाऱ्यांच्या या नगरींत तें नांव शोभतें. त्यांनीं जुना प्रश्न पुसून टाकला नाहीं, त्याचें उत्तर बदललें : कोणाचा रे तूं ? सर्वांचा जो निर्मिक, त्याचा.

पेठहि आतां पूर्वीची नाहीं. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, तेव्हां नदीकांठचीं आमच्या परिचयाचीं कित्येक कुटुंबें उठून गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर इकडे राहावयास गेलीं. तेथें मुलांना ‘कोणाचा’ याऐवजीं ‘कोणत्या इमारतींतला’ असें विचारूं लागले. पुढें वाडे पडले, आमचाहि पडला. पूर्वीं सांगितलेला तो पुतण्या आज शहराच्या पश्चिमेस एका उंच इमारतींत राहतो. त्याची दहा वर्षांची कन्या इंग्रजी शाळेंत जाते. घरांत तिच्याशीं अर्धें इंग्रजी चालतें. यांत वाईट हेतु कोणाचाहि नाहीं. आणि मराठी मरणार आहे असेंहि आम्हांस वाटत नाहीं. २०११ च्या गणनेप्रमाणें ती आठ कोटींहून अधिक लोकांची मातृभाषा आहे, व २०२४ सालीं तिला अभिजात भाषा म्हणून मान मिळाला. आमची काळजी त्याहून लहान व म्हणूनच अधिक अवघड आहे. भाषा राहील, पण आळीचे, भट्टीचे, पाणवठ्याचे शब्द, ज्यांनीं ही भाषा विचार करावयास शिकली, ते कोणत्या घरीं राहतील?

गेल्या गणेशोत्सवांत ही मुलगी आमच्याबरोबर पेठेंत आली. तांबट आळींत एका दुकानीं आतां पूर्वींच्या म्हाताऱ्याचा मुलगा म्हातारा होऊन बसला आहे. त्यानें विचारलें, “कोणाची ग तूं ?” मुलीनें त्याच्याकडे पाहिलें, क्षणभर विचार केला, आणि म्हणाली, “मी माझीच.” आमचा पुतण्या ओशाळला. आम्हांस मात्र त्या उत्तराचा राग आला नाहीं. आमच्या आजीला असें उत्तर देतां आलें असतें तर तिच्या आयुष्यांतील कांहीं गोष्टी निराळ्या घडल्या असत्या. म्हातारा मोठ्यानें हंसला. “बरं, तुझीच तर तुझीच, पाणी पितेस?” असें म्हणून त्यानें तांब्याच्या घागरींतलें पाणी तिच्यापुढें केलें. तिला त्याची चव आवडली, व पाण्याला चव कशी येते हें तिनें विचारलें. त्या एका प्रश्नापायीं आम्ही तेथें दोन तास होतों.

बाईंच्या घरीं ड्वेली यांचा गेलिक कोश होता, व आमच्या घरीं मोल्सवर्थ यांच्या १८५७ च्या मराठी कोशाची पुनर्मुद्रित प्रत आहे. दोघेहि कोशकार इंग्रज, हा एक चमत्कारिक योग आहे. एडवर्ड ड्वेली यांनीं ती भाषा शिकून, १९०१ पासून १९११ पर्यंत आपल्या कोशाचे भाग स्वतःच्या हातानें खिळे जुळवून छापून काढले. मोल्सवर्थ यांच्या दुसऱ्या आवृत्तींत सुमारें ६०,००० शब्द आहेत, आणि तिला मराठीच्या घडणीविषयीं जोडलेली टिपणें मुंबईचे स्कॉटिश पाद्री डॉ. जॉन विल्सन यांचीं आहेत. परक्यांस जे शब्द वेंचावेसे वाटले ते घरच्यांस रोजचेच असल्यामुळें दिसले नव्हते.

आमच्या नातीनें त्या दिवसापासून एक वही केली आहे. तिचीं शाळेंतलीं अक्षरें रोमन. म्हणून देवनागरी अक्षरें अजून तिरकीं पडतात. मठारणें, पोचा, बद्द, कल्हई, ऐरण, तांबूस, विसा असे ६३ शब्द तींत आहेत. प्रत्येकापुढें तो कोणी सांगितला त्याचें नांव, म्हणजे तो शब्द कोणाचा हें तिनें आपण होऊन लिहिलें आहे. हातोड्यांच्या निरनिराळ्या जातींचीं नांवें तिला हवीं आहेत. तीं सांगावयास दुकानदार आजोबा कबूल आहेत. मात्र लिहून घेण्याआधीं तिनें प्रत्येक हातोडी एकदां उचलून मारून पाहावी, अशी त्यांची अट आहे. त्याकरितां येत्या रविवारीं आम्हांस पुन्हां तांबट आळींत जावयाचें आहे.